लालबाग ते गाड्यांचा कारखाना: जाताना बाबा, येताना आई

वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर माझ्या लेकीने, सान्वीने, सरळ सांगितलं, "गाडी कशी बनते ते बघायचंय." अकरा वर्षांच्या मुलीला सायकल हवी असते, मोबाइल हवा असतो. हिला कारखाना हवा होता. गॅलरीत उभी राहून खालून जाणाऱ्या गाड्यांची मॉडेलं नुसत्या हॉर्नवरून ओळखणारी मुलगी ही. माझा नवरा कामानिमित्त बंगळुरात आणि मला गाडी येत नाही. म्हणून मी प्रभादेवीहून लालबागला आईबाबांकडे गेले आणि बाबांसमोर विषय काढला.

बाबांना दोनदा विचारावं लागलं नाही. ते सगळा जन्म ड्रायव्हर होते. फोर्टातल्या एका कंपनीत साहेबांची गाडी चालवायची. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, बाबांचा पांढरा युनिफॉर्म तोच. स्वतःची गाडी घेतली ती रिटायर झाल्यावर, सेकंडहँड, राखाडी रंगाची, छोटी. तिला ते इतकं पुसतात की आमच्या गल्लीत तिला 'नवरी' म्हणतात.

"मीही येणार," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि थोडा वेळ मी चालवणार."

"बघू," बाबा म्हणाले.

या 'बघू'मागे मोठा इतिहास आहे. आई परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. रिटायर झाल्यावर तिने मोटार ट्रेनिंग स्कूलला नाव घातलं आणि पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं. मात्र गाडी तिच्या हातात यायची ती फक्त रविवारी सकाळी, लालबाग ते वडाळा आणि परत. तेव्हाही बाबा शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवून असायचे. बाकीच्या दिवशी कधी ट्रॅफिक जास्त असायचा, कधी ऊन डोळ्यांवर यायचं, कधी टायरमध्ये हवा कमी असायची. गाडी नवरी असली तरी सासू एकच होती, माझे बाबा.

पहिला दिवस: निघालो

जाणार असाल तर दोन गोष्टी आधीच सांगते. जुन्या गाड्यांचं म्युझियम आणि कारखाना एकाच आवारात आहेत, तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात. म्युझियमचं तिकीट दारात मिळतं, स्वस्त आहे. कारखान्याच्या फेरीला पैसे पडत नाहीत, पण आधी ईमेल करून दिवस ठरवून घ्यावा लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी फेरी नसते. दहा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, वयाचा पुरावा मागतात. चप्पल-सँडल चालत नाहीत, बूट हवेत. आईने कपाटातून आपले ड्यूटीचे पांढरे बूट काढले, त्यांना पुन्हा पॉलिश केलं आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला.

थंडीचे दिवस. सकाळी लवकर निघालो. मसाल्याच्या दुकानांसमोर मिरच्यांची पोती उतरत होती, आणि गाडी सुरू होण्याआधीच आम्ही चौघंही शिंकत होतो. शिवडीवरून समुद्रावरचा नवा पूल घेतला. टोल भरपूर आहे, पण वाचलेला वेळ बघता मला तरी तो जड गेला नाही. पुलावर सान्वीने काच खाली करायचा हट्ट धरला, बाबांनी परवानगी दिली, आणि आईच्या केसांचा झाडू झाला. मागे चिखलात गुलाबी पक्ष्यांची रांग दिसत होती.

एक्स्प्रेस वेवर फूड मॉलला थांबलो. वडापाव ठीक, चहा पाणचट. घरून दशम्या आणि सुक्या बोंबलाची चटणी नेली होती, तीच खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने वासाने वळून पाहिलं. आईने त्यांनाही विचारलं, "देऊ का?" त्यांच्यातले एक आजोबा खरंच ताटली घेऊन आले.

परत गाडीत बसताना आई ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आता पुढे घाट आहे," बाबा म्हणाले.

"घाट संपल्यावर?"

"घाट संपल्यावर तळेगाव. तिथे ट्रक फार."

आई मागे जाऊन बसली. लोणावळा येईपर्यंत तिने खिडकीबाहेर बघण्यापलीकडे काही केलं नाही. मी पुढे बसून गुगलच्या बाईचं ऐकत होते. बाबा तिचं ऐकत नव्हते. घाटातलं वळण येण्याआधीच त्यांचा हात गिअरवर गेलेला असायचा.

म्युझियम

दुपारी म्युझियममध्ये शिरलो. बाहेरून गोदामासारखं दिसतं, आत मात्र लख्ख. अगदी सुरुवातीच्या, घोडागाडीतून घोडा तेवढा काढून टाकल्यासारख्या गाड्या. मग डोळे वटारलेल्या दिव्यांच्या. मग आमच्या लहानपणी रस्त्यावर दिसायच्या त्या डबा गाड्या. एक गाडी मधोमध उभी कापून ठेवली आहे. तिचं इंजिन, गिअर, सीटची स्प्रिंग, दाराच्या आतली काच, सगळं उघडं. सान्वी तिच्याभोवती फिरत राहिली. शेवटी गाइड मुलगा हसून म्हणाला, "बाळा, बाकीच्या गाड्या रुसतील."

एका गाडीत बसू देतात. मोठी, बोटीसारखी लांब, क्रीम रंगाची. अशीच एक बाबांनी बरीच वर्षं चालवली होती. त्यांनी काय केलं सांगू? मागचं दार उघडलं, सान्वीला आत बसवलं, दार हलकेच लावलं, पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या जागी बसले आणि आरसा ठीक केला. कुणी सांगितलं नव्हतं. शरीराला सवय होती.

"आजोबा, मागे या ना माझ्याजवळ. मस्त सोफा आहे."

"मागे बसून मी काय करू?" बाबा म्हणाले. त्यांना तो खरोखरच विनोद वाटला. मी फोटो काढला. फोटोत आई गाडीबाहेर उभी आहे, हात कमरेवर.

मुक्काम तळेगावात. साधं लॉज, पण चादरी स्वच्छ आणि गरम पाण्याला तक्रार नाही. रात्रीच्या जेवणात पिठलं-भाकरी मागवली. सान्वी कापलेल्या गाडीचं चित्र टिश्यू पेपरवर काढत झोपी गेली.

दुसरा दिवस: कारखाना

गेटवर फोन जमा केले, डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारी जाकिटं, डोळ्यांवर चष्मे. बाबांचं हेल्मेट त्यांना जरा मोठं झालं, ते सारखं नाकावर यायचं. आमच्या गटात पुण्याच्या कॉलेजची काही मुलं आणि नाशिकचं एक जोडपं होतं.

पत्रे दाबणाऱ्या विभागात जमीन पायाखाली धडधडते. सपाट पत्रा आत जातो, दार होऊन बाहेर येतो. पुढे वेल्डिंगचे यांत्रिक हात. केशरी, लांब मानेचे, वाकून ठिणग्या उडवतात, मागे होतात, पुन्हा वाकतात. माणूस जवळपास कुणीच नाही. रंगकाम फक्त काचेतून दाखवतात. आणि मग मुख्य जुळणीची लाइन, जिथे माणसंच माणसं. वरून गाडीचा सांगाडा तरंगत येतो, खालून इंजिन वर चढतं आणि दोन्ही एकमेकांत बसतात.

"आमच्याकडे याला लग्न म्हणतात," गाइड म्हणाला. "बॉडी आणि इंजिनाचं."

"मग फुलं तरी टाकायची होती," आई म्हणाली. लाइनवरचा एक मुलगा पाना हातात धरून हसायला लागला.

लाइनवर मुली खूप दिसल्या. निळ्या गणवेशातल्या, घट्ट वेण्या, हातात बॅटरीचे स्क्रू ड्रायव्हर. आई त्यांना बघत सावकाश चालत होती. लाइनच्या शेवटी गाडीत पहिल्यांदा थोडं पेट्रोल जातं आणि ती पहिल्यांदा सुरू होते. तिथे रोलरवर गाडी पळवून ब्रेक तपासतात. एक मुलगी गाडीतून उतरली, कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीत बसायला निघाली. गाइडने तिला थांबवलं. नाव निकिता, लातूरकडची.

"म्हणजे ही गाडी सगळ्यात पहिली तू चालवलीस?" आईने विचारलं.

"हो काकू. इथून निघणारी गाडी पहिल्यांदा आम्हीच चालवतो. मालकाच्या हातात नंतर."

"घरी काय म्हणाले?"

"आधी म्हणाले, मशिनवर नको, ऑफिसात बस. आता वडील गावात सांगतात, माझी पोरगी गाड्या पास करते."

"भीती नाही वाटत? अजून कुणीच चालवलेली नसते."

निकिता हसली. "काकू, गाडीला काय कळतंय बाई बसली की बुवा? क्लच नीट सोडला की झालं. तुम्ही चालवता का?"

बाबा हेल्मेट सावरत दुसरीकडे बघत होते.

"चालवते," आई म्हणाली. "वडाळ्यापर्यंत."

मिसळ आणि घोटा

जेवायला चाकण रोडवरच्या एका मिसळीच्या हॉटेलात गेलो. मिसळ तिखट, रस्सा मागाल तितका, सोबत दही आणि जाड पाव. हॉटेलचं नाव लक्षात नाही, पण बाहेर ट्रकवाल्यांची गर्दी दिसेल तिथे डोळे मिटून शिरा.

बाहेर पडताना बाबा सान्वीला गिअरबॉक्स समजावून सांगत होते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवलेली, तोंड मागे तिच्याकडे. पायरी संपली हे त्यांना कळलंच नाही. उजवा पाय मुडपला आणि ते खालीच बसले.

आई एका क्षणात नर्स झाली. "हलवू नका. बोटं हलवा. हलतात? बरं. सुप्रिया, आतून बर्फ आण." मी आत धावले. हॉटेलवाल्याने कोल्ड्रिंकच्या पेटीतला बर्फ दिला, आईने तो ओढणीत गुंडाळला. घोटा बघता बघता पावासारखा फुगला होता. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. "हाड शाबूत आहे. लिगामेंट दुखावलंय. पाय टेकायचा नाही, उंच ठेवायचा. आणि ड्रायव्हिंगचं नावच काढू नका."

बाहेरच्या बाकावर आमची सभा भरली. बाबांनी कल्याणच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा, आज सुट्टी नाही, उद्या सकाळी निघतो. कंपाउंडरने एका ड्रायव्हरचा नंबर दिला, तो लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेलेला. बाबा म्हणाले, "मग आज राहू इथेच."

"सान्वीची उद्या परीक्षा आहे," मी म्हणाले. ते खरं होतं.

आई उभी राहिली. "चावी द्या."

"सुमन, हा वडाळ्याचा रस्ता नाही."

"माहीत आहे."

"घाट उतरायचाय. चढताना एक वेळ ठीक, उतरताना..."

"अहो, लायसन्सवर रस्त्याचं नाव लिहीत नाहीत." तिने हात पुढे केला. "मला भीती वाटत नाही असं नाही. मी सावकाश जाईन. नाहीच जमलं तर लोणावळ्याला थांबू आणि तिथे राहू. पण बसून तर बघू द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. आई घाट उतरवेल याची मला खात्री नव्हती. पण हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून आम्हाला वाढवणारी ही बाई आपल्याच घरच्या गाडीच्या चावीसाठी हात पसरून उभी आहे, हे मला बघवेना.

"बाबा, द्या," मी म्हणाले.

पाय लांब करायचा म्हणून बाबांना मागे बसवलं, सान्वीच्या मांडीवर उशी आणि उशीवर पाय. मी पुढे. आईने सीट पुढे ओढली, आरसे लावले, बूट एकमेकांवर घासून धूळ झटकली आणि गाडी सुरू केली. पहिल्याच चौकात बंद पडली. मागच्या डंपरने हॉर्न वाजवला. "थांब रे बाबा," आई त्याला म्हणाली, जणू तो इंजेक्शनच्या रांगेतला पेशंट होता. पुन्हा सुरू केली. निघालो.

घाट

एक्स्प्रेस वेपर्यंत बाबा गप्प होते. लोणावळा जवळ आलं तसे सुरू झाले. "इंडिकेटर. अगं, इंडिकेटर. त्याला जाऊ दे. क्लचवर पाय ठेवू नकोस. आरशात बघ. आता बघू नकोस, समोर बघ." आईच्या कपाळावर घाम आला होता. एका ट्रकला वाट देताना गाडी जराशी डगमगली आणि बाबा मागून ओरडले, "सुमन!"

आईने पुढच्या फूड मॉलमध्ये गाडी घेतली. उभी केली. हँडब्रेक ओढला आणि मागे वळली.

"एक तर तुम्ही बोला, नाहीतर मी चालवते. दोन्ही एकदम नाही जमायचं."

आवाज चढलेला नव्हता. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढायचा तो आवाज होता. आई उतरली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, चहाचे चार कप घेऊन आली. पहिला बाबांना दिला.

मग आम्ही घाटात शिरलो. आईने गिअर खाली घेतला आणि गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवली. शेजारून लोक झूम करून जात होते, कुणी खिडकीतून बघतही होते. एका टेम्पोच्या मागे, भरपूर अंतर ठेवून, आई उतरत राहिली. बोगदा आला, संपला. वळण आलं, संपलं. माझी बोटं सीटबेल्टवर इतकी आवळलेली होती की नंतर दुखत होती.

बऱ्याच वेळाने मागून बाबांचा आवाज आला. "सुमन."

"काय?" आईचे खांदे ताठ झाले.

"इथून सगळं वेगळंच दिसतं गं."

"कुठून?"

"मागून. मी या घाटातून किती वेळा गेलोय, मोजदाद नाही. पण मला फक्त समोरचा रस्ता माहीत. हे डोंगर केवढाले आहेत. तो बघ, तो सुळका. हा कधीपासून आहे इथे?"

"आजोबा, तो आधीपासूनच असणार ना!" सान्वी म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. आई सगळ्यात जास्त हसली, मात्र समोर बघतच. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. ज्या सीटवर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं, दार लावून दिलं, तिथे ते पहिल्यांदा बसले होते, आणि तिथून दिसणारं त्यांना आवडत होतं. खोपोली मागे पडल्यावर सान्वी कुजबुजली, "आजी, आजोबा झोपले."

"खरंच?"

"घोरताहेत."

आईने आरशात एक नजर टाकली. इतका वेळ सीटच्या टोकावर बसलेली माझी आई तिथे पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

समुद्रावरचा पूल आला तेव्हा सूर्य मुंबईच्या इमारतींमागे चालला होता. गल्लीत शिरल्यावर खालच्या मजल्यावरचे माने काका आईला बघून धावतच आले. "सिस्टर? तुम्ही? येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, आता सरळ..." आईने दोन स्कूटरच्या मधल्या जागेत गाडी मागे घेतली. दुसऱ्या प्रयत्नात बसली. इंजिन बंद केल्यावर मात्र ती काही वेळ उतरलीच नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

घरी

तुम्ही मुलांना घेऊन जा, असंच मी सांगेन. म्युझियमला अर्धा दिवस, कारखान्याला एक सकाळ पुरते. सान्वीला विचाराल तर ती यांत्रिक हातांबद्दल बोलेल. तिला आता वेल्डिंग शिकायचं आहे आणि आम्ही अजून तिच्या बाबाला सांगितलेलं नाही. मला तो पहिला धक्का आठवतो, सपाट पत्र्याचं दार होतानाचा.

पुढच्या रविवारी मी लालबागला गेले तर आई घरात नव्हती. बाबा पाय स्टुलावर ठेवून चहा पीत होते. कुठे गेली विचारलं तर म्हणाले, "गाडी घेऊन गेलीय."

"एकटी?"

"एकटी."

मी पर्समधून फोन काढला. बाबांनी हात वर केला. "फोन करू नकोस. गाडी चालवताना फोन उचलायचा नसतो."

मग आम्ही दोघं बसून राहिलो. बाबांनी पेपर उघडला, पण पान काही उलटलं नाही. खालून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला ते मान जराशी तिरकी करत. शेवटी एका आवाजाला त्यांनी पेपरची घडी घातली. "आली."

आई वर आली, चपला काढल्या, पंखा लावला.

"कुठे गेली होतीस?" मी विचारलं.

"शिवडीपर्यंत."

"काय काम होतं?"

"काम?" आईला माझा प्रश्नच कळला नाही. "चालवायला गेले होते."